घानाला पहिल्यांदा जाताय? देश, माणसं आणि कारभार या क्रमाने समजून घ्या

डिसेंबर सरत आला की मला ठरावीक फोन येतात. काजूचा हंगाम तोंडावर असतो, कुणाला तरी कच्ची बी बघायला घानाला धाडायचं ठरलेलं असतं आणि तो मुलगा विचारतो, "काका, तिकडे नेमकं आहे काय?" कोकणातली बी आपल्या कारखान्यांना वर्षभर पुरत नाही. बाकीची आफ्रिकेतून येते आणि त्यातली बरीच घानाच्या बोनो आणि बोनो ईस्ट या भागांतून, म्हणजे टेचिमान, वेंची, साम्पा या गावांच्या आसपासहून. मीही याच कामासाठी पहिल्यांदा गेलो. जाताना बीची प्रत कशी तपासायची हे मला पक्कं माहीत होतं, देशाबद्दल काहीच माहीत नव्हतं.

पुढे जे लिहिलंय ते काजूवाल्यांपुरतं नाही. बांधकाम, औषधं, शिक्षण, कशासाठीही जाणाऱ्याला ते लागेल. क्रम मुद्दाम असा ठेवलाय: आधी जमीन, मग माणसं, मग चीफ, म्हणजे तिथले परंपरागत प्रमुख, आणि शेवटी संसद. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. राष्ट्रपती कोण, पक्ष कोणते हे पाठ करून जातात आणि पहिल्याच गावात अडतात, कारण तिथली जमीन राष्ट्रपतींची नसते.

पहिली पायरी: नकाशा समोर ठेवा

आफ्रिकेच्या पश्चिमेकडचा फुगवटा जिथे आत वळतो, त्या वळणाच्या खालच्या काठावर घाना आहे. दक्षिणेला गिनीचं आखात, पश्चिमेला कोत दिव्हार, उत्तरेला बुर्किना फासो, पूर्वेला टोगो. तिन्ही शेजाऱ्यांकडे फ्रेंच चालते आणि सीएफए फ्रँक हे चलन चालतं. घानात इंग्रजी आणि सेडी. त्यामुळे सीमेवरून पलीकडे जायचं झालं तर भाषा आणि पैसे दोन्ही बदलतात, हे गृहीत धरूनच कागद करा.

देशाचं क्षेत्रफळ सुमारे २ लाख ३८ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे चार भाग करून तीन घ्या, साधारण तेवढं. लोकसंख्या मात्र २०२१च्या जनगणनेत ३ कोटी ८ लाख. अक्राबाहेर पडलं की रस्ता मोकळा का वाटतो, ते या दोन आकड्यांवरून कळतं. शून्य रेखावृत्त अक्राच्या शेजारच्या टेमा बंदरातून जातं, म्हणून घड्याळ बरोबर ग्रिनिचचं. आपण साडेपाच तास पुढे. घरी फोन करायचा तर दुपारी चारच्या आत करा, तोवर इकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात.

नावाचा एक घोळ आधीच सोडवून ठेवा. इतिहासात वाचलेलं मध्ययुगीन घाना साम्राज्य या जागी नव्हतं. ते वायव्येला, आजच्या मॉरिटानिया आणि मालीच्या भागात होतं. इंग्रज या प्रदेशाला गोल्ड कोस्ट म्हणत. ६ मार्च १९५७ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रूमा यांच्या पिढीने ते जुनं नाव आफ्रिकेच्या अभिमानापोटी घेतलं.

नकाशाच्या पूर्व भागात एक निळं झाड पसरल्यासारखं दिसेल. तो व्होल्टा तलाव. अकोसोम्बो इथे व्होल्टा नदीवर धरण बांधलं, ते १९६५ साली पुरं झालं आणि मागे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं पाणी साठलं. आपलं कोयना धरणही त्याच सुमाराचं, पण शिवसागर यापुढे तळं वाटेल. माणसाने बांधलेल्या तलावांत पृष्ठफळाने हा जगातल्या सर्वात मोठ्यांपैकी एक आहे. त्यासाठी सुमारे ८० हजार लोकांना गावं सोडावी लागली. धरणग्रस्त म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. टेमाचा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना चालावा हा या विजेचा एक मुख्य हेतू होता. वीज आजही जाते. त्याला तिथे 'डुमसोर' म्हणतात. त्वी भाषेत 'डुम' म्हणजे विझव आणि 'सो' म्हणजे पेटव. घर भाड्याने घेताना जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का, हे भाड्याच्या आधी विचारा.

डोंगर फारसे नाहीत. सर्वात उंच शिखर अफाजा, टोगोच्या सीमेजवळ, सुमारे ८८५ मीटर. कळसूबाईच्या जवळपास अर्धं. देश आडव्या पट्ट्यांत वाचायचा: किनारा, मग दाट जंगलाचा आणि कोकोचा पट्टा, मग उत्तरेकडे मोकळं होत जाणारं गवताळ रान. काजू लागतो तो जंगल संपून रान सुरू होतं त्या मधल्या भागात. दक्षिणेत पाऊस दोनदा पडतो, एप्रिल ते जुलै मोठा आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर लहान. उत्तरेत एकदाच. गंमत म्हणजे समुद्राला लागून असूनही अक्राचा पाऊस पुण्याच्या पावसाएवढाच असतो, पण पडतो तो मुसळधार आणि शहराचे नाले तुंबतात. ३ जून २०१५च्या रात्री क्वामे एन्क्रूमा सर्कलजवळ पूर आणि पेट्रोलपंपाचा स्फोट एकाच वेळी झाला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. ओडॉ नाल्याच्या आसपासच्या सखल भागात स्वस्त खोली मिळत असेल, तरी घेऊ नका.

डिसेंबर ते फेब्रुवारीत सहाराकडून हारमाटान वारा येतो. आकाश पिठूळ होतं, ओठ फुटतात, सकाळी चक्क गारवा असतो. काजूचा हंगाम त्याच्या शेपटाला सुरू होतो. सोबत व्हॅसलीन आणि नाकातोंडाला बांधायला सुती रुमाल ठेवा.

दुसरी पायरी: निघण्याआधी

इथे थोडक्यात सांगतो. पिवळ्या तापाची लस घेतल्याचा दाखला घानात उतरताना लागतो आणि भारतात परतताना तर हमखास. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून तिकिटाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करू नका. दाखला जवळ नसेल तर परत आल्यावर विलगीकरणात बसावं लागतं. मलेरिया तिथे बारमाही आहे. डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळ्या घ्या, मच्छरदाणी वापरा आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. व्हिसा आणि कामाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी 'तिकडे गेल्यावर करू' म्हणाली, तर निघू नका.

गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. इंग्रजांची डावी बाजू त्यांनी ऑगस्ट १९७४मध्ये सोडली. पहिले चार दिवस रस्ता ओलांडताना आपली मान चुकीकडे वळते, तेवढं जपा.

तिसरी पायरी: स्वतःचा वार शोधा आणि बोलायला लागा

तुमचा जन्म कोणत्या वारी झाला, आईला विचारून जा. अकान या तिथल्या सर्वात मोठ्या समाजात मुलाला जन्मवाराचं नाव मिळतंच. पुरुषांत रविवारचा क्वासी, सोमवारचा क्वाद्वो किंवा कोजो, मंगळवारचा क्वाबेना, बुधवारचा क्वाकू, गुरुवारचा याव, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. बायकांत रविवारपासून अकोसुआ, अद्वोआ, अबेना, अकुआ, या, अफुआ, अमा. म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान शुक्रवारी जन्मलेले आणि अन्नान म्हणजे चौथं अपत्य. एन्क्रूमा म्हणजे नववं. तुम्ही "मी याव" असं सांगितलंत की समोरचा हसतो, आपला वार सांगतो आणि गप्पांना तोंड फुटतं.

बोलण्याचा सगळ्यात मोठा नियम: आधी नमस्कार, मग काम. दुकानात शिरून "पाणी द्या" म्हणणं तिथे फार उद्धट वाटतं. गुड मॉर्निंग, कसे आहात, घरचे कसे आहेत, एवढं झाल्याशिवाय भावाचं बोलू नका. बसलेल्या मंडळींना भेटताना उजवीकडून डावीकडे हात मिळवत जायचं, कुणाला वगळायचं नाही. डावा हात पुढे करायचा नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. हात सोडताना मधल्या बोटांची चुटकी वाजते, ती दोन दिवसांत जमते. 'अक्वाबा' म्हणजे या, स्वागत आहे. 'मेदासे' म्हणजे आभारी आहे. 'एते सेन?' म्हणजे कसं काय, आणि उत्तर 'एये', म्हणजे छान.

तिथली इंग्रजी मराठी माणसाच्या कानाला ओळखीची वाटते. कुणी जेवत असेल आणि तुम्ही जवळून गेलात तर तो "यू आर इन्व्हायटेड" म्हणतो. आपलं 'या जेवायला' तेच आणि तितक्याच मनापासूनचं. निघून जाणारा माणूस "आय अ‍ॅम कमिंग" म्हणतो. गोऱ्या लोकांचा यावर गोंधळ उडतो, माझा उडाला नाही, कारण घराबाहेर पडताना आपणही 'येतो' असंच म्हणतो. आणि 'नाना'. वयाने किंवा मानाने मोठ्या माणसाला, आजी-आजोबांना, चीफला, राणीमातेलाही 'नाना' म्हणतात. हे एक संबोधन आपल्या जिभेवर आधीच बसलेलं आहे, ते वापरा.

'ओब्रोनी' अशी हाक येईल. परका, गोरा, असा अर्थ. आपल्यालाही तीच हाक मारतात. त्यात तुच्छता नसते. हसून 'ओबिबिनी' म्हणा, म्हणजे आफ्रिकन माणूस. पोरं खिदळतात.

चौथी पायरी: कोण कुठले

जवळपास निम्मे लोक अकान आहेत. त्यातच कुमासीकडचे असांते, किनाऱ्यावरचे फांते, पश्चिमेकडचे बोनो येतात. त्वी ही त्यांची भाषा बाजारात सगळीकडे चालते. उत्तरेला मोले-दागबानी गटाचे लोक, त्यात तामाले भागातले दागोम्बा. व्होल्टाच्या पूर्वेला एवे. अक्रा मुळात गा लोकांचं. शहरांतल्या 'झोंगो' वस्त्यांत उत्तरेकडून आलेले मुसलमान राहतात आणि तिथे हौसा ऐकू येते. देशात ख्रिस्ती सुमारे ७० टक्के, मुसलमान सुमारे २० टक्के, बाकी पारंपरिक धर्माचे आणि इतर. एकाच घरात दोन धर्म सहज सापडतात आणि त्यावरून वाद होताना मी पाहिलेला नाही.

अक्रात एक हिंदू मठही आहे. तो १९७५ साली स्वामी घनानंद सरस्वतींनी स्थापला. हे स्वामी घानातलेच. तिथे आरती म्हणणारे बहुतेक जण घानाचेच आहेत. सिंधी व्यापारी कुटुंबं तर कित्येक दशकांपासून तिथे आहेत. पहिल्या महिन्यात घर आठवून जीव कासावीस झाला की या दोन ठिकाणी आधार मिळतो.

अकान कुटुंबाची एक गोष्ट समजली नाही तर व्यवहारात घोटाळा होतो. वंश आईकडून चालतो. मूल आईच्या कुळाचं, आणि जुन्या रीतीप्रमाणे माणसाची मालमत्ता मुलाला न जाता बहिणीच्या मुलाला, म्हणजे भाच्याला जाते. १९८५च्या वारसा कायद्याने बायको-मुलांना वाटा दिला, तरी कुळाचा शब्द आजही वजनदार आहे. शेतकऱ्याशी वर्षभराचा करार केलात आणि तो मध्येच वारला, तर पुढचं बोलणं मुलाशी करायचं की भाच्याशी, हे आधी विचारून ठेवा. एवे, गा आणि दागोम्बांमध्ये वंश बापाकडूनच चालतो.

अंत्यविधी हा तिथल्या आयुष्याचा मोठा भाग आहे. तो बहुधा शनिवारी होतो. काळे-लाल कपडे, मंडप, बँड, शेकडो माणसं. सहकाऱ्याच्या घरचं कुणी गेलं असेल तर जायचं, आणि मदतीचं पाकीट द्यायचं. ते नाव घेऊन जाहीर होतं आणि वहीत नोंदलं जातं. लग्न चुकलं तर चालेल, हे चुकवू नका.

पाचवी पायरी: चीफकडे कसं जायचं

इथे सावकाश वाचा, कारण नवखा माणूस इथेच पैसे घालवतो.

घानातली सुमारे ८० टक्के जमीन सरकारची नाही. ती चीफच्या गादीकडे, कुळांकडे किंवा घराण्यांकडे आहे. दक्षिणेत गादीला 'स्टूल' म्हणतात, कारण चीफची सत्ता खरोखरच एका कोरीव लाकडी आसनात मानली जाते. उत्तरेत चीफ जनावरांच्या कातड्यांवर बसतो, म्हणून तिकडे 'स्किन'. चीफ गादीवर बसतो आणि चुकला तर उतरवलाही जातो. अकान रीतीत वारसाचं नाव राणीमाता, म्हणजे ओहेमा, सुचवते. ती चीफची बायको नसते. आई, बहीण, मावशी अशी कुळातली ज्येष्ठ बाई असते.

सर्वात मोठा मान कुमासीच्या असांतेहेनेंचा, म्हणजे असांते राजाचा. सध्याचे ओतुमफुओ ओसेई तुतू दुसरे १९९९पासून गादीवर आहेत. त्यांच्या राज्याचा आत्मा सोन्याच्या स्टूलमध्ये आहे असं असांते मानतात, त्यावर राजासुद्धा बसत नाही. १९००मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसनने ते स्टूल आपल्याला बसायला मागितलं आणि एजिसूची राणीमाता 'या असांतेवा' लढाईला उभी राहिली. ती हरली, तिला सेशेल्सला धाडलं, ती तिथेच १९२१मध्ये वारली. पण स्टूल इंग्रजांच्या हाती लागलं नाही. कुमासीत कुणाही शाळकरी मुलीला विचारा, ती हे मान ताठ करून सांगते.

चीफ हे आज नुसते शोभेचे आहेत असं समजू नका. उत्तरेतल्या दागबोनमध्ये २००२ साली या-ना, म्हणजे तिथला राजा, मारला गेला आणि दोन शाखांचं वैर पेटलं. न्यायालयं, आयोग, संचारबंदी यांनी ते मिटलं नाही. असांतेहेनेंच्या अध्यक्षतेखाली तीन थोर चीफांच्या समितीने वर्षानुवर्षं बोलणी केली आणि जानेवारी २०१९मध्ये नवा या-ना कातड्यांवर बसला. सरकारने नेमलेल्या या तीन चीफांनी वेगळ्या राज्याचं, वेगळ्या भाषेचं भांडण सोडवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता काम. गोदामासाठी, कारखान्यासाठी किंवा नुसतं गावात खरेदी केंद्र उघडायचं असेल तर असं करा.

आधी त्या गावचा माणूस सोबत घ्या आणि भेटीचा दिवस मागून घ्या. दर बेचाळीस दिवसांनी अकानांचा अदाए येतो, तेव्हा चीफ पूर्वजांच्या विधीत असतो, त्या दिवशी जमिनीचं बोलणं नको. जाताना दक्षिणेत श्नॅप्सची बाटली न्या, उत्तरेत कोला नट्स. तुम्ही पीत नसलात तरी न्या, ती पूर्वजांना अर्पण करायची असते. आत गेल्यावर टोपी काढा, पायावर पाय टाकून बसू नका, खिशात हात नको. चीफशी थेट बोलायचं नाही. त्यांच्या शेजारी काठी धरून बसलेला 'ओक्येआमे' असतो, त्याला सांगायचं, तो चीफना सांगतो, जरी चीफनी सगळं ऐकलेलं असलं तरी. घाई दाखवू नका. पहिल्या भेटीत "तुम्ही कशासाठी आलात" एवढंच विचारतील आणि पुन्हा या म्हणतील. तो नकार नसतो.

होकार मिळाला की दुसऱ्या दाराने जा. लँड्स कमिशन या जमिनीच्या सरकारी कार्यालयात त्या तुकड्याचा शोध घ्या, कारण एकच जमीन दोघांना, कधी तिघांना दिलेली निघते. अक्राच्या वेशीवर तर हे नेहमीचं. माझ्या ओळखीच्या एकाने नुसत्या चीफच्या सहीवर कुंपण घातलं आणि महिन्याने दुसरं घराणं माणसं घेऊन उभं राहिलं. परदेशी माणसाला मालकी मिळत नाही, राज्यघटनेनुसार जास्तीत जास्त ५० वर्षांचा भाडेपट्टा. कुणी 'कायमची देतो' म्हणालं तर तिथून उठा. स्टूलच्या जमिनीचं भाडं सरकारी कार्यालय गोळा करतं. दहावा भाग स्वतःकडे ठेवून बाकीचे वाटे पडतात: ५५ टक्के जिल्हा सभेला, २५ टक्के गादीला, २० टक्के त्या भागातल्या पारंपरिक सत्तेला. हे पाठ असलं की "भाडं माझ्याच हातात दे" म्हणणारा ओळखू येतो.

सहावी पायरी: संसद, राष्ट्रपती आणि जिल्हा

स्वातंत्र्यानंतरची पस्तीस वर्षं खडतर होती. २४ फेब्रुवारी १९६६ला एन्क्रूमा परदेशात असताना लष्कराने त्यांची सत्ता उलथली. त्यानंतर बंडं, मध्येच निवडणुका, पुन्हा बंडं. फ्लाइट लेफ्टनंट जेरी रॉलिंग्ज १९७९मध्ये आणि परत १९८१च्या शेवटच्या दिवशी सत्तेवर आले. त्याच रॉलिंग्जच्या काळात १९९२ची राज्यघटना झाली आणि ७ जानेवारी १९९३पासून चौथं प्रजासत्ताक सुरू झालं. ते आजवर अखंड चालू आहे. आजूबाजूच्या देशांत काय चाललंय ते बघितलं तर ही केवढी कमाई आहे ते कळतं.

राष्ट्रपती थेट मतदानाने, चार वर्षांसाठी, फार तर दोनदा. मतदान ७ डिसेंबरला. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. २००८मध्ये तसं झालं आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने जॉन अट्टा मिल्स जिंकले, तरी सत्ताधारी पक्षाने शांतपणे सत्ता सोडली. पक्ष मुख्यतः दोन: एनडीसी (नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेस), निशाणी छत्री, आणि एनपीपी (न्यू पॅट्रिऑटिक पार्टी), निशाणी हत्ती. असांते भागात हत्ती आणि व्होल्टा भागात छत्री, असं ढोबळमानाने धरा. डिसेंबर २०२४मध्ये एनपीपीचे महमुदु बावुमिया यांनी अधिकृत निकालाची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी हार मान्य केली. एनडीसीचे जॉन महामा ७ जानेवारी २०२५ला पुन्हा राष्ट्रपती झाले आणि जेन नाना ओपोकू-आगेमांग या पहिल्या महिला उपराष्ट्रपती.

राष्ट्रपतींचं कार्यालय ज्युबिली हाउस. स्टूलच्या आकाराची ही इमारत भारताने दिलेल्या कर्जातून उभी राहिली आणि बांधली मुंबईच्या शापूरजी पालनजींनी. टॅक्सीवाल्याला हे सांगा, बहुतेकदा त्याला ठाऊकच असतं.

संसदेला एकच सभागृह, २७६ जागा. मंत्र्यांपैकी बहुसंख्य खासदारांतूनच घ्यावे लागतात. त्यामुळे अमेरिकेसारखा राष्ट्रपती आणि आपल्यासारखे मंत्री, अशी सांगड आहे. माझ्या मते याने संसद दुबळी होते, कारण सरकारला जाब विचारायचा त्याच माणसाला मंत्रिपद हवं असतं. घानाचे लोकही यावर खूप बोलतात.

चीफांचं स्थान राज्यघटनेनेच राखलंय. त्यांची संस्था संसदेला मोडता येत नाही, मात्र चीफला पक्षाच्या राजकारणात उतरता येत नाही. गावात तुम्ही चीफला "तुम्ही कोणत्या पक्षाचे?" असं विचारलंत तर त्याचा अपमान होईल.

देशाचे १६ विभाग आहेत. २०१९पर्यंत १० होते, म्हणून जुन्या नकाशांवर बोनो ईस्ट सापडणार नाही, ते सगळं ब्राँग-अहाफो दिसेल. त्याखाली २६१ जिल्हा, नगर आणि महानगर सभा. रोजच्या कामाला हीच पायरी लागते: व्यवसायाचा परवाना, बाजारातल्या गाळ्याची पट्टी, बांधकामाची मंजुरी. सभेच्या निवडणुका पक्षाशिवाय होतात आणि सुमारे तीस टक्के सदस्य राष्ट्रपती नेमतात. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी, ज्याला सगळे डीसीई (डिस्ट्रिक्ट चीफ एक्झिक्युटिव्ह) म्हणतात, तोही राष्ट्रपतींनी सुचवलेला आणि सभेने दोन तृतीयांश मतांनी मान्य केलेला. आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा तो परीक्षा देऊन आलेला नसतो. सरकार बदललं की डीसीई बदलतो. निवडणुकीच्या वर्षी मोठा परवाना हवा असेल तर ऑक्टोबरच्या आत हातात घ्या.

सातवी पायरी: पैसा आणि पोट

'सेडी' हा शब्द कवडीवरून आलाय. अकान भाषेत कवडीला 'सेदे' म्हणतात आणि पश्चिम आफ्रिकेत शतकानुशतकं मालदीवच्या कवड्या चलन म्हणून चालल्या. फुटकी कवडी म्हणणाऱ्या आपल्याला हे नातं लगेच कळतं. २०२२च्या डिसेंबरात महागाई ५४ टक्क्यांवर गेली होती आणि सरकारला विदेशी कर्जाचे हप्ते थांबवावे लागले. लोक त्या वर्षाबद्दल अजून बोलतात. पगार कोणत्या चलनात ठरतोय ते म्हणून नीट लिहून घ्या. रोजचा व्यवहार मोबाइल मनीवर चालतो, भाजीवालीपासून ट्रोट्रोपर्यंत, म्हणजे तिथल्या शेअर मिनीबसपर्यंत, सगळे 'मोमो' घेतात.

सोनं, कोको आणि तेल यांवर देश उभा आहे. कोकोत जगात दुसरा. पण नद्या बघा: गलामसे, म्हणजे बेकायदा सोन्याच्या खाणींमुळे प्रा आणि ऑफिनचं पाणी चहासारखं झालंय. त्या भागात नदीचं पाणी उकळूनही पिऊ नका, पारा उकळल्याने जात नाही.

शाकाहारी माणसाचं निभतं, पण विचारत राहावं लागतं. 'वाचे' म्हणजे भात आणि चवळीचा प्रकार, 'रेड रेड' म्हणजे चवळीची पातळ भाजी आणि तळलेली केळी. 'कोंतोमिरे' तर अळूच्या भावंडाची पानं, चव थेट फदफद्याच्या जवळ जाणारी. मात्र त्यात सुकी मासळी असतेच, आणि 'शितो' या काळ्या चटणीतही. आधी सांगितलंत तर वेगळं करून देतात. मासे खाणाऱ्या कोकण्याला मात्र बांकू, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि तळलेला तिलापिया मासा मिळाला की दुसरं काही लागत नाही.

आठवी पायरी: पहिली सुट्टी केप कोस्टला

अक्राहून सुमारे दीडशे किलोमीटर. सकाळी लवकर निघा, केप कोस्ट आणि एल्मिना दोन्ही होतात. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगिजांनी १४८२मध्ये बांधला, म्हणजे गोवा घेण्याच्या अठ्ठावीस वर्षं आधी. आले सोन्यासाठी, पुढे व्यापार माणसांचा झाला. १६३७ला डचांनी तो घेतला, १८७२ला इंग्रजांनी. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुषांना कोंडायची तळघरं दाखवतात, आणि बरोबर त्यांच्या वर प्रार्थनाघर होतं. तळघरात दिवा मालवून वाटाड्या एक मिनिट गप्प उभा राहतो. तेव्हा फोन काढू नका. सोबत अमेरिकेहून किंवा जमैकाहून आलेली मंडळी असतात, त्यांच्यासाठी ते पूर्वजांचं घर आहे.

शेवटी एक दार समुद्राकडे उघडतं, 'परत न येण्याचं दार'. बाहेरून त्याच दारावर आता 'परत येण्याचं दार' असं लिहिलंय. पलीकडे लगेच कोळीवाडा सुरू होतो. मंगळवारी गेलात तर सगळ्या रंगीत होड्या वाळूवर ओढलेल्या दिसतील आणि माणसं जाळी विणत बसलेली असतील. मंगळवार समुद्राचा, त्या दिवशी कुणी मासे धरायला जात नाही. ताजी मासळी हवी असेल तर बुधवारी जा.